करसल्लागारांच्या ऑनलाइन सूचीतील नावे येतात कुठून?

कोल्हापुरात ‘करसल्लागार’ हा एकच शब्द चार्टर्ड अकाउंटंट, वकील, जुने विक्रीकर सल्लागार आणि जीएसटीचे काम पाहणारे या सर्वांसाठी सर्रास वापरला जातो. शाहूपुरीतील गुळाच्या अडत्याला किंवा उद्यमनगरातील फौंड्रीमालकाला त्यात अडचण वाटत नाही, कारण त्याने आपला माणूस ओळखीतून निवडलेला असतो. ऑनलाइन सूची पाहून निवड करणाऱ्याला मात्र ते नाव मुळात कोणत्या नोंदवहीतून आले, हे पाहावेच लागते.

यांपैकी सर्वांत व्यवस्थित नोंदवही चार्टर्ड अकाउंटंटांची. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी १ जुलैला चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा अमलात आला. त्याच्या कलम १९ नुसार चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाचे नाव, निवासाचा व व्यवसायाचा पत्ता, पात्रता आणि व्यवसाय करण्याचे प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे की नाही, हे सारे नोंदले जाते, आणि दरवर्षी १ एप्रिलच्या स्थितीनुसार सभासदांची यादी प्रसिद्ध करणे संस्थेच्या परिषदेवर बंधनकारक असते. यातील प्रमाणपत्राची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कारखान्यात नोकरी करणारा सभासदही त्याच यादीत असतो.

वकिलांची नोंद बार कौन्सिलकडे असते. परंतु सनदेवरून तो वकील कराचे काम करतो की दिवाणी दावे चालवतो, हे कळत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २८८ ने करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यासमोर कोण उभे राहू शकतो, एवढेच ठरवले. केवळ विवरणपत्र भरून देणाऱ्याला नोंदणीची सक्ती त्यात नव्हती. २००६ मध्ये कलम १३९ब आणून पदवीधर तरुणांना विवरणपत्र भरण्याचे प्रशिक्षण देणारी योजना सुरू झाली व त्यांची स्वतंत्र यादी तयार झाली, पण तीही ऐच्छिकच होती. अमेरिकेत याउलट, मोबदला घेऊन केंद्रीय कराचे विवरणपत्र तयार करणाऱ्या प्रत्येकाला २०११ पासून सरकारी ओळख क्रमांक घ्यावाच लागतो आणि त्या क्रमांकधारकांची माहिती कर विभागाकडून मिळते. त्यामुळे तिथल्या सूचींना एक समान मूळ आहे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर नियम ८३ नुसार ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ ही नवी नोंदणी सुरू झाली. पूर्वीच्या कायद्याखाली किमान पाच वर्षे नोंदलेल्या विक्रीकर सल्लागारांनाही तीत प्रवेश मिळाला, मात्र पुढे नोंद टिकवण्यासाठी त्यांना ठरावीक मुदतीत परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते. ही मुदत वाढत वाढत अखेर तीस महिन्यांची झाली. म्हणून सुरुवातीच्या काळात उतरवून घेतलेल्या एखाद्या खासगी सूचीत आज पात्र नसलेले नावही राहून गेलेले असू शकते. जीएसटी पोर्टलवर प्रॅक्टिशनर शोधण्याची सोय आहे आणि नाव तिथे ताडून पाहता येते.

या सर्व नोंदवह्या मुळात परवानगी आणि शिस्तीसाठी निर्माण झाल्या. ग्राहकाला माणूस शोधून देणे हा त्यांचा उद्देश नव्हता. त्यामुळे कामाचे तास, शुल्क, अनुभव किंवा तारांकित अभिप्राय त्यांत सापडत नाहीत. सूचीत ते दिसतात तेव्हा ते संबंधिताने स्वतः भरलेले किंवा ग्राहकांनी लिहिलेले असतात. लक्ष्मीपुरीतील दुकानाचे हिशेब वर्षानुवर्षे लिहून विवरणपत्रही भरून देणारे दिवाणजी सूचीत आले, तर तेही याच मार्गाने येतात, आणि त्यांच्या नावासमोर नोंदणी क्रमांकाची जागा रिकामी असते.