आतडं कापलं की क्रोन्स गेला?

राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या बाकावर आजी सुनेला सांगत होत्या, "अगं, खराब भाग एकदाचा कापून टाका म्हणावं, पोरगं सुटंल." अपेंडिक्सचं तसं असतं. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजाराचं नाही. ही सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येते. तुकडा काढून टोकं जोडली, तरी पुष्कळदा त्या जोडापाशीच ती परत उगवते. म्हणून ऑपरेशननंतरही तपासण्या चालूच राहतात, बहुतेकांची औषधंही.

मुलांत सुरुवात बऱ्याचदा चक्क पेयानं होते. 6 ते 8 आठवडे फक्त डॉक्टरांनी दिलेलं पोषक द्रव, बाकी जेवण बंद. घरात पांढऱ्या रश्श्याचा वास सुटलेला असताना पोराला हे पाजणं सोपं नाही! पण अनेकांची सूज स्टेरॉइडशिवाय उतरते, वजनही भरतं. पुढे अ‍ॅझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब ही प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं. त्याआधी टीबी नाही ना, हे पाहावंच लागतं. आतड्याचा टीबी दिसतो जवळपास असाच.

आणि ऑपरेशन म्हणजे हार, हेही खोटं. आतडं अरुंद होऊन तुंबलं, छिद्र पडलं, तर ते लागतंच. रोग लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापुरता असेल आणि औषधं चालूनही उंची खुंटली असेल, तर वयात येण्याआधी केलेलं ऑपरेशन वाढ भरून काढायला मदत करतं.