परसातल्या सापाच्या आधी उंदराची वाट शोधा

मृगाच्या आधी आत्याकडे मुरबाडला गेले की उंबऱ्याबाहेर, न्हाणीच्या कडेने आणि दुधीच्या मांडवाखाली डांबराच्या गोळ्या पसरलेल्या दिसायच्या. दिवेलागणीनंतर आत्या सापाचं नाव घेत नाही. "गोळ्या असल्या की लांबडं फिरकत नाही," असं ती म्हणायची. गेल्या पावसाळ्यात त्याच गोळ्यांपासून हातभर अंतरावर, सरपणाच्या ढिगातून नाग निघाला. सर्पमित्राने तो सांभाळून नेला, कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी आत्या पहिल्यांदा म्हणाली, "मग गं, याला अडवायचं तरी कसं?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर सापाच्या जिभेत आहे.

साप जीभ लपलपवतो ती धमकवायला नव्हे. दुभंगलेल्या जिभेची दोन टोकं जमिनीवरचे आणि हवेतले गंधकण टिपतात आणि ते टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसनच्या अवयवापर्यंत पोचतात. डाव्या टोकाला जास्त गंध लागला की उजव्या, यावरून भक्ष्य कुठल्या बाजूला गेलं हे सापाला कळतं. आता उंदराचं वागणं बघा. तो उघड्यावरून धावत नाही, भिंतीच्या कडेकडेने ठरलेल्या वाटेने जातो आणि वाटभर मुताचे थेंब सांडत जातो. आपल्याला ती नुसती भिंत दिसते, सापाला तिथे मळलेली पायवाट लागते. या वाटेवर डांबराची गोळी ठेवली तर तिचा वास सापाला येतही असेल, पण त्या वासाचा अर्थ त्याच्यासाठी 'धोका' असा नसतो. अमेरिकेत नॅफ्थलीन म्हणजे डांबराच्या गोळ्यांतलंच रसायन आणि गंधक यांचं मिश्रण सापरोधक म्हणून विकलं जातं. चाचण्या घेतल्या तेव्हा साप या मिश्रणाच्या पट्ट्यांवरून सरळ पार गेले. दालचिनी आणि लवंगेच्या तेलाचे प्रयोग ग्वाम बेटावरच्या एका झाडसापावर झाले आहेत. तेलाचा फवारा अंगावर आला की तो साप अस्वस्थ होऊन हलू लागतो, हे खरं. पण त्यासाठी साप कुठे बसलाय ते आधी माहीत हवं, आणि फवारायला त्याच्या जवळ जावं लागेल. तसं करायला मी कुणालाच सांगणार नाही.

गोळ्यांचा धोका मात्र खराखुरा आहे. रांगतं मूल पांढरी गोळी पेपरमिंट समजून तोंडात घालतं. ज्या मुलांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू लागतात. कार्बोलिक ॲसिड शिंपडणारे लोकही मी पाहिलेत. ते सापाला अडवत नाही, आपली कातडी मात्र भाजतं.

म्हणून यंदा उन्हाळ्यात आत्या आणि मी सापाचा विचार बाजूला ठेवला आणि उंदराच्या मागावर निघालो. कोंबड्यांच्या खुराड्याखाली रोज सांडणारा कोंडा आणि कण्या, पडवीत थेट जमिनीवर ठेवलेली भाताची पोती, गोठ्यामागे रचलेला पेंढा, या तिन्ही ठिकाणी ताज्या लेंड्या होत्या. घरातला उंदीर जेमतेम तीन आठवड्यांत वितो आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं टाकतो. एवढा शिधा जिथे तयार होतो, तिथे साप येणारच. कोंबड्यांचं खाणं आता संध्याकाळी उचललं जातं, उरलेलं पत्र्याच्या डब्यात जातं. पोती भिंतीपासून सुटी, फळ्यांवर ठेवली आहेत. सरपणाचा ढीग घरापासून लांब नेला आणि दगडांवर बांबू टाकून जमिनीपासून गुडघाभर उंच केला, म्हणजे खालून उजेड दिसतो. साप दबलेली, काळोखी फट शोधतो. अंग चारी बाजूंनी टेकलं की त्याला सुरक्षित वाटतं. ती फटच उरली नाही तर तो थांबत नाही, पुढे जातो.

उंदरांपाठोपाठ बेडकांकडे वळलो. न्हाणीचं पाणी अळूत सोडलेलं होतं, तिथे कायम डबकं असायचं. अळूला पाणी हवंच, पण ते जिरायला हवं, साचायला नको. दाराशी रात्रभर जळणारा पांढरा दिवाही काढला. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पाली आणि भेक, पालींवर कवड्या साप, भेकांवर नाग. त्या जागी पिवळा दिवा लावला, आणि तोही लागेल तेव्हाच. मागच्या दाराखालची फट रबरी पट्टीने बंद केली, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. जाळीची भोकं 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, नाहीतर पिल्लं सहज आत येतात. अंगणातलं गवत घोट्याच्या खाली ठेवायचं, हे तर साऱ्या गावाला ठाऊक आहे. फक्त ते पाऊस सुरू व्हायच्या आधी कापायला हवं.

पावसाचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. भातखाचरं भरली की बिळांत पाणी शिरतं. उंदीर बांधावर आणि घराकडे सरकतात, साप त्यांच्या मागे, आणि नेमकी तेव्हाच माणसं लावणीसाठी अनवाणी चिखलात उतरलेली असतात. नागपंचमीला आमच्याकडे जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत. ती प्रथा कशी पडली असेल ते असो, पण भर श्रावणात एक दिवस बिळांना हात न लावण्याची ही चाल मला फार आवडते.

एका सापापुढे मात्र परसातली सगळी व्यवस्था अपुरी पडते. तो म्हणजे मण्यार. ती रात्री फिरते, दुसऱ्या सापांनाही खाते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येते. तिचा चावा इतका हलका असतो की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं. घरचे समजतात अपचन झालं. यावरचा उपाय आहे खाट आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचायच्या, नुसत्या सोडायच्या नाहीत. नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका खूपच कमी आढळला होता. घरात कुणी जमिनीवर झोपत असेल तर कुंपणाच्या जाळीआधी मच्छरदाणी आणा.

मण्यारीच्या नावाने बिचारा कवड्या फार मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेपासून जरा मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. पण हा फरक फोटोत बघायचा, काठी घेऊन जवळ जाऊन नव्हे. साप दिसला तर लांबून नजर ठेवायची आणि वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवायचं. 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार अनेक जातींचे साप मारणं किंवा बाळगणं गुन्हा आहे.

आणि चावलाच तर? भगताकडे नाही, थेट सरकारी रुग्णालयात, 108 क्रमांकाच्या गाडीने. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी-बांगड्या काढून हात-पाय हलू न देता न्यायचं. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकत्रच बनवलेलं असतं, आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात.

आत्याच्या अंगणात आता गोळ्या नाहीत. परसाच्या पार टोकाला, ओढ्याकडच्या दगडी बांधात एक धामण राहते. ती बिनविषारी आहे आणि शेतातले उंदीर खाते. गायीच्या पायांना विळखा घालून दूध पिते असा तिच्यावर जुना आळ आहे. तो खोटा, कारण सापाच्या तोंडाची ठेवण चोखण्याजोगी नसतेच. घराभोवतीची सगळी झुडपं आम्ही साफ केली. बांधावरची करवंदाची जाळी तोडायला गडी निघाला, तेव्हा आत्यानेच त्याला हाक मारून थांबवलं. "ती राहू दे," म्हणाली.