पार्श्वभूमी: लघुतम वर्ग, तीन मानकरी आणि हिंगणघाट

शेतात लेव्हल घेताना, म्हणजे उंचीतला फरक मोजताना, हा घोळ ठरलेला. नाल्याच्या काठापासून धुरा 2.40 मीटर उंच, धुऱ्यापासून विहिरीचा कठडा आणखी 1.70. पण काठ ते कठडा थेट मोजलं तर 4.10 ऐवजी 4.16 भरतं. वरचे सहा सेंटिमीटर कुठं जिरवायचे? तिन्ही मोजमापं सारख्याच भरवशाची असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन: 2.42, 1.72, 4.14. दुरुस्त्यांच्या वर्गांची बेरीज 12. सगळा फरक एकाच्याच माथी मारला तर 36, दोघांत निम्मा वाटला तर 18. ही बेरीज सर्वांत कमी ठेवणारी वाटणी म्हणजे लघुतम वर्गांची पद्धत, लीस्ट स्क्वेअर्स. मात्र 4.16 चं चुकून 5.16 लिहिलं गेलं, तर तिन्हींत 35-35 सेंटिमीटर घुसतात आणि चांगली दोनही नासतात. तेव्हा आधी स्टाफ, म्हणजे उंची मोजायची खुणांची पट्टी, पुन्हा वाचायचा.

ही पद्धत पहिल्यांदा छापली फ्रेंच गणिती लजांद्रनं, 1805 मध्ये, धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाच्या पुरवणीत. अमेरिकेत रॉबर्ट एड्रेननं 1808 मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. 1809 मध्ये जर्मन गणिती गाउसनं लिहिलं, हे ‘आमचं तत्त्व’ आपण 1795 पासून वापरतोय. ते लजांद्रला झोंबलं. 1820 मध्ये त्यानं छापील तक्रारही केली. आमच्या मते छापण्याचा मान लजांद्रचाच. पण चुकांच्या संभाव्यतेशी सांगड घालण्यात गाउस फार पुढं गेला.

यात चोरीचा संशय घ्यायचं कारण नाही. गरजेपेक्षा जास्त आणि एकमेकांशी न जुळणारी निरीक्षणं तेव्हा खगोलवाल्यांच्या नि मोजणीवाल्यांच्या, सगळ्यांच्याच वहीत होती. लजांद्रच्या पुरवणीतलं उदाहरणही फ्रान्समधल्या रेखावृत्ताच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेच्या, मोजणीचं आहे. तसंच काम भारतात विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्यानं 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू केलं, तेव्हा ही पद्धत छापलेलीच नव्हती. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला लॅम्बटन जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथंच आहे.

अशा मोजणीत मुलखावर मोठे त्रिकोण आखून त्यांचे कोन मोजतात. त्यात आणखी एक भानगड असते. पृथ्वी गोल, त्यामुळं 50 किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणाचे कोन 180 अंशांपेक्षा सुमारे साडेपाच विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जास्त भरतात. ही चूक नव्हे. हा वाढावा आधी बाजूला काढायचा, मग उरेल तेवढाच फरक वाटायचा. नाहीतर बरोबर मोजलेले कोनही ‘दुरुस्त’ होऊन बसतात.