मिडाझोलाम : गुंगीच्या इंजेक्शनचा रुग्णालयातील सुरक्षित वापर

मिडाझोलाम हे बेंझोडायझेपीन गटातले, शिरेतून देता येणारे शामक औषध. जठर किंवा मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, निखळलेला सांधा बसवणे, हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणे, न थांबणारी फीट थांबवणे आणि अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला शांत ठेवणे, अशा कामांसाठी ते वापरतात. त्याने भीती ओसरते, गुंगी येते आणि औषध दिल्यानंतरचा काही काळ रुग्णाला आठवत नाही. वेदना मात्र त्याने कमी होत नाही. रुग्ण दुखण्याने कळवळत असताना मिडाझोलाम वाढवत नेले, तर दुखणे जागेवरच राहते आणि श्वास मंदावतो. वेदनेसाठी स्थानिक भूल किंवा वेदनाशामक वेगळे द्यावे लागते.

रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या मध्यात हे औषध तयार झाले. अॅम्प्यूलमधले द्रावण आम्लधर्मी असते (सामू सुमारे ३), त्यामुळे औषध पाण्यात विरघळलेले राहते आणि टोचताना डायझेपामसारखी (याच गटातले जुने औषध) शिरेची जळजळ होत नाही. रक्तात शिरताच त्याच्या रेणूची रचना बदलते, ते मेदात विरघळणारे बनते आणि मेंदूत झपाट्याने पोचते. याच कारणाने सोडियम बायकार्बोनेटसारखे अल्कधर्मी औषध चालू असलेल्या नळीतून ते देऊ नये, साका बसतो. पातळ करण्यासाठी नॉर्मल सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरावे.

अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाल्यावर सुरुवातीच्या काळात ते डायझेपामच्या अंदाजाने दिले गेले. प्रत्यक्षात ते मिलिग्रॅमला मिलिग्रॅम धरता कितीतरी प्रबळ आहे. श्वास थांबून मृत्यू झाले आणि उत्पादनाच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा आला. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये चार वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चुकीच्या मात्रेच्या ४९८ घटना आणि त्यांत ३ मृत्यू आढळले. त्यानंतर तिथे तीव्र द्रावण भूल विभाग, अतिदक्षता विभाग आणि परिहार सेवा (असाध्य आजारात त्रास कमी करणारी सेवा) यांच्यापुरते ठेवून बाकी ठिकाणी १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. एवढेच ठेवण्याची सूचना निघाली. हा उपाय साधा आहे आणि लहान रुग्णालयांनाही तो सहज परवडतो.

तीव्रतेचा घोळ : भारतात १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. आणि ५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. अशी दोन्ही द्रावणे मिळतात. कपाटात ती शेजारी असली की घाईत हात चुकतो आणि पाचपट औषध जाते. म्हणून ‘एक अॅम्प द्या’, ‘दोन सीसी द्या’ असा तोंडी आदेश कधीच देऊ नये आणि कोणी दिला तर स्वीकारू नये. मात्रा मिलिग्रॅममध्येच सांगावी. तीव्र द्रावणच हाती असेल, तर ५ मि.ग्रॅ.च्या १ मि.लि. अॅम्प्यूलमध्ये ४ मि.लि. नॉर्मल सलाईन मिसळावे, म्हणजे १ मि.लि.मध्ये १ मि.ग्रॅ. होते. सिरिंजवर औषधाचे नाव, तीव्रता आणि वेळ लिहिलेले लेबल तिथल्या तिथे लावावे. भूलशास्त्रात या गटासाठी नारिंगी रंगाचे लेबल रूढ आहे. पातळ करण्याचा आणखी एक फायदा आहे. तीव्र द्रावणाचे अर्धा मि.ग्रॅ. म्हणजे जेमतेम ०.१ मि.लि. मोठ्या सिरिंजमध्ये ते मोजता येत नाही आणि एवढे थेंब नळीच्या जोडात अडकून राहतात. पहिल्या मात्रेने काहीच झाले नाही असे वाटते, दुसरी दिली जाते आणि दोन्ही एकदम रक्तात जातात. प्रत्येक मात्रेनंतर थोडे सलाईन ढकलावे ते यासाठीच.

पूर्वतयारी : घोरणे व झोपेत श्वास अडकणे, दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार, यकृत व मूत्रपिंडाचे आजार, मद्यपान, गर्भारपण, आधीच्या भुलेचा अनुभव हे सगळे विचारावे. चालू औषधे बारकाईने पाहावीत. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, डिल्टियाझेम, रिटोनाव्हिर यांमुळे मिडाझोलाम शरीरात जास्त वेळ टिकते. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनमुळे त्याचा प्रभाव घटतो. फेंटानिल किंवा ट्रॅमाडोलसारखे अफूजन्य वेदनाशामक सोबत असेल, तर श्वासावरचा दाब दोन्हींच्या बेरजेहून अधिक पडतो. ठरवून केलेल्या तपासणीआधी हलक्या जेवणानंतर ६ तास आणि निव्वळ पाण्यानंतर २ तास जाऊ द्यावेत. औषध भरण्याआधीच ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून घेणारे यंत्र), योग्य मापाच्या मास्कसह अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), तोंडातून घालायची, श्वासमार्ग मोकळा ठेवणारी नळी आणि फ्लुमाझेनिल (मिडाझोलामवरचा उतारा) हाताशी हवे. सक्शन चालू करून पाहावे. नुसते भिंतीला लटकलेले असणे पुरेसे नाही.

मात्रा : साठीच्या आतल्या, प्रकृतीने ठीक अशा प्रौढाला १ ते २.५ मि.ग्रॅ. किमान २ मिनिटे लावून हळूहळू द्यावे. मग आणखी किमान २ मिनिटे थांबून परिणाम पाहावा आणि गरज असेल तरच १ मि.ग्रॅ.ची भर घालावी. एकूण ५ मि.ग्रॅ.च्या पुढे जाण्याची वेळ क्वचितच येते. साठीपुढच्या किंवा खंगलेल्या रुग्णाला सुरुवात ०.५ ते १ मि.ग्रॅ.ने करावी, एकूण ३.५ मि.ग्रॅ.च्या आत राहावे आणि दोन मात्रांमध्ये जास्त थांबावे, कारण त्यांचे रक्ताभिसरण मंद असते. सोबत अफूजन्य वेदनाशामक असेल, तर तरुणात सुमारे ३० आणि वृद्धात सुमारे ५० टक्के कपात करावी. अनेक अपघात या थांबण्याच्या वेळेत घाई केल्याने होतात. डॉक्टर दुर्बीण हातात घेऊन उभे असतात, बाहेर रांग असते आणि पहिल्या मात्रेचा परिणाम पूर्ण दिसण्याआधीच दुसरी जाते. बोलले की डोळे उघडणारा, सांगितलेले ऐकणारा रुग्ण हेच ध्येय. गाढ झोप नव्हे.

देखरेख : तपासणी करणाऱ्याने गुंगीवर लक्ष ठेवणे शक्य नसते. त्यासाठी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती असावी आणि तिला मधेच बायोप्सीची बाटली आणायला पाठवू नये. नाडी व ऑक्सिजन सतत, रक्तदाब दर ५ मिनिटांनी आणि छातीची हालचाल डोळ्यांनी पाहावी. नाकातून ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला, तरी ऑक्सिमीटरचा आकडा काही काळ चांगलाच दिसतो. तो घसरू लागेपर्यंत उशीर झालेला असतो. कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र) बिघाड त्याआधी कळतो. ते यंत्र नसेल तर श्वास मोजावेत.

काही रुग्ण, विशेषतः मुले आणि वृद्ध, शांत होण्याऐवजी बडबडतात, हातपाय झाडतात. अशा वेळी आणखी मिडाझोलाम देणे ही मोठी चूक. ऑक्सिजन कमी पडतोय का, लघवी तुंबली आहे का, दुखते आहे का, हे आधी पाहावे.

श्वास मंदावल्यास : औषध थांबवावे, मोठ्याने हाक मारून हलवावे, जबडा पुढे उचलावा, ऑक्सिजन वाढवावा, मदत बोलवावी. श्वास अपुरा असेल तर अंबू बॅगने मिनिटाला १० ते १२ श्वास द्यावेत. फ्लुमाझेनिल शोधत बसून बॅगिंगला उशीर करू नये. नंतर फ्लुमाझेनिल ०.२ मि.ग्रॅ. १५ सेकंदांत द्यावे आणि गरजेनुसार मिनिटाच्या अंतराने तेवढेच, एकूण १ मि.ग्रॅ.पर्यंत. अफूजन्य औषधही दिले असेल तर त्यावरचा उतारा असलेल्या नालॉक्सोनचा विचार करावा. फ्लुमाझेनिलचा प्रभाव सुमारे तासाभरात ओसरतो आणि गुंगी परतू शकते, म्हणून रुग्णाला किमान २ तास नजरेखाली ठेवावे. बेंझोडायझेपीनवर फीट काबूत असलेला किंवा या गोळ्यांची सवय असलेला रुग्ण असेल, तर फ्लुमाझेनिलने फीट येऊ शकते.

अतिदक्षता विभागात पंपावर साधारण ५० मि.लि.मध्ये ५० मि.ग्रॅ. भरतात. ताशी ०.०५ मि.ग्रॅ. प्रति किलो म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ताशी ३ मि.लि. दिवस लोटतात तसे औषध साठत जाते आणि मूत्रपिंड निकामी असल्यास त्याच्या विघटनातून बनलेले क्रियाशील पदार्थही साठतात. पंप बंद केल्यावरही रुग्ण लवकर जागा होत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन ही दुसरी शामके पसंत केली आहेत. मिडाझोलाम चालूच ठेवायचे असेल तर गुंगीची पातळी ठरलेल्या मापाने नोंदवून रोज मात्रा कमी करून पाहावी. बरेच दिवस दिलेले एकदम तोडू नये.

घरी सोडताना रुग्ण शुद्धीत दिसला, तरी सांगितलेले त्याला आठवेलच असे नाही. सूचना लिहून द्याव्यात, सोबतच्या माणसालाही सांगाव्यात. २४ तास वाहन, मद्य आणि महत्त्वाची सही टाळावी. भारतात हे औषध एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्यातील मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आणि चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एच-१ अनुसूचीत आहे. म्हणून साठा कुलपात ठेवावा, वापर वहीत लिहावा आणि सिरिंजमध्ये उरलेले औषध दुसऱ्याच्या साक्षीने टाकून द्यावे. पुढच्या रुग्णासाठी ते कधीही राखून ठेवू नये.