हित्ती लोक संस्कृत बोलत होते का?

तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे, म्हणजे प्राचीन काळी तिथे राज्य करणाऱ्या हित्तींच्या हत्तुशा या राजधानीत सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर 'अइक', 'पंझ', 'सत्त' हे आकडे आहेत. म्हणून हित्ती लोक संस्कृत बोलत, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. पाट्या खऱ्या आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे.

हे शब्द घोड्यांना तयार करण्याच्या पुस्तिकेत येतात. 'अइक-वर्तन्न' म्हणजे एक फेरी, 'सत्त-वर्तन्न' म्हणजे सात. पुस्तिका हित्ती भाषेत आहे, पण सांगणारा किक्कुली पहिल्याच ओळीत स्वतःला मितन्नी या शेजारच्या देशाचा अश्वशिक्षक म्हणवतो. ही ओळ फिरणाऱ्या मजकुरात कधीच नसते, आणि सगळा उलगडा तिथेच आहे. मितन्नीची बहुसंख्य प्रजा हुर्री बोलत असे. राजांची नावे आणि घोड्यांची परिभाषा मात्र संस्कृतच्या जवळच्या एका आर्यभाषेतून आली होती. हित्तींनी ती परिभाषा उसनी घेतली.

हित्तींचा स्वतःचा 'सात' 'शिप्त-' असा होता. 'शिप्तमिय' या पेयाच्या नावात तो टिकला आहे. पाण्याला ते 'वातर' म्हणत, इंग्रजी 'वॉटर'शी जुळणारा शब्द. १९१५ साली बेद्रझिख ह्रोझ्नी यांनी अशा शब्दांच्या आणि व्याकरणाच्या आधारे हित्ती ही इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या कुळातली, भाषा असल्याचे दाखवले. म्हणजे संस्कृतशी तिचे नाते आहे, पण लांबच्या चुलत बहिणीचे.

'अइक'ही संस्कृत नव्हे. त्यातला 'अइ' वेदांतल्या 'एक'मधल्या 'ए'पेक्षा जुना उच्चार आहे. मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे असलेल्या हित्ती-मितन्नी यांच्यातल्या प्रसिद्ध तहातही हे देव मितन्नीच्या बाजूचे साक्षीदार आहेत, हित्तींच्या नव्हे.