स्वेच्छेची कबुली

आरोप नीट समजून, कोणाच्या धाकाशिवाय वा आमिषाशिवाय आरोपीने न्यायालयात दिलेली गुन्ह्याची कबुली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब ही वेगळी गोष्ट. तो आरोपीविरुद्ध सहसा वापरता येत नाही. न्यायालयातल्या कबुलीवर मात्र साक्षीपुराव्याशिवाय शिक्षा होऊ शकते. ‘होऊ शकते’ म्हणायचे कारण असे, की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (कलमे 252, 264, 275) कबुलीवरून दोषी ठरवणे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले आहे. जुन्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तसेच होते.

समन्स खटल्यात, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यात, कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यायची असते. वडोदऱ्यात या नियमाला धार येते. दांडिया बाजार, रावपुरा भागातला मराठी माणूस घरी मराठी बोलतो, कोर्टाचे काम गुजरातीत चालते. त्याला गुजराती उत्तम येते, त्यामुळे दुभाषा लागत नाही. अडचण बारीक आहे. ‘कबूल’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच. दारूबंदीच्या खटल्यात ‘गुनो कबूल छे?’ या प्रश्नाला ‘हो साहेब, बाटली डिकीत होती, पण ती मामांनी ठेवलेली, मला ठाऊक नव्हतं’ असे उत्तर आले, तर ती बाटली सापडल्याची कबुली झाली, गुन्ह्याची नव्हे. नोंदीत ‘गुन्हा कबूल’ एवढेच उतरले की ‘पण’ गळतो, आणि सगळा बचाव त्या ‘पण’मागेच असतो.

धाक ओळखता तरी येतो. सोयीचे आमिष ओळखणे अवघड. जामीनदार मिळत नाही, तारखेला दिवसाची मजुरी बुडते, मग ‘कबूल करून टाक, दंड भरला की सुटलास’ हा सल्ला कोणीतरी भल्यासाठीच देतो. गुजरातेतल्याच कासमभाई शेख खटल्यात (1980) अन्नभेसळीच्या आरोपीला सौम्य शिक्षेच्या बोलीवर कबुली द्यायला लावले होते. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली. सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीच रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. अशा बोलीने निर्दोष माणूसही खटल्याच्या ताणाला कंटाळून कबुली देईल, हे त्यामागचे कारण. (वडोदऱ्याची न्यायालये वर्षानुवर्षे ज्या न्यायमंदिरात भरत, ती 1896 ची इमारत मुळात भाजीमंडईसाठी योजलेली. घासाघीस त्या भिंतींना परकी नसावी.) पुढे 2005 मध्ये नटवर ठाकोर प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने दुसरी बाजू मांडली: कबुली दिली म्हणून सौदा झालाच, असे धरता येत नाही, प्रत्येक खटला त्याच्या वस्तुस्थितीवर तपासावा.

2006 पासून, ज्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे अशा बऱ्याच गुन्ह्यांत, कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षा अशा रीतसर तडजोडीची सोय झाली. तिथे आरोपीला स्वेच्छेचे शपथपत्र द्यावे लागते आणि न्यायाधीश त्याला बंद दालनात, दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून विचारतात. साध्या कबुलीला असे दालन नाही. ही तफावत खटकणारी आहे. कारण किरकोळ खटल्यांतली कबुली बहुधा गर्दीत, काही मिनिटांत उरकली जाते आणि आरोपीबरोबर अनेकदा वकीलही नसतो.

कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्धच्या अपिलात सर्वसाधारणपणे शिक्षेचे प्रमाण वा तिची वैधता एवढेच मांडता येते (कलम 416). दंड त्याच दिवशी भरून होतो, दोषसिद्धी मात्र कायम राहते आणि नोकरीच्या अर्जातल्या चारित्र्य पडताळणीत पुन्हा समोर येते.