सागवान कधी कापायचा?

14 जुलै 2024 रोजी इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांहून जास्त रोपं लागली, जागतिक विक्रम झाला. तेव्हापासून इथली ओळखीची मंडळी ‘लावलेलं झाड कापूच नये’ असं ठासून सांगतात. शहरालगतच्या टेकडीपुरतं ते खरंच आहे. लाकडासाठी लावलेल्या सागाच्या वनाचा हिशेब मात्र वेगळा असतो आणि मला तो फार सुंदर वाटतो.

वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं. तो सगळा हवेतून आलेला, दिवसाच्या उजेडात. (पिंपळ रात्री प्राणवायू सोडतो हा मोबाइलवर फिरणारा मजकूर खोटा आहे, अंधारात कुठलंच झाड प्राणवायू बनवत नाही.)

वनाची वाढ आधी वेग घेते, मग शेजारच्या झाडांची पानं भिडून वर सलग छत झालं की मंदावते. इथे दोन आकडे पाहायचे: या वर्षीची वाढ आणि लावल्यापासूनची सरासरी वार्षिक वाढ. फलंदाजासारखंच आहे: डावातल्या धावा सरासरीपेक्षा जास्त असतील तोवर सरासरी चढते, कमी पडल्या की उतरते. दोन्ही आकडे जुळतात त्या वर्षी सरासरी शिखरावर असते. त्या वयाला कापत गेलं तर दीर्घकाळात सर्वांत जास्त लाकूड मिळतं.

पण कार्बनचा साठा त्या वर्षी थांबत नाही, वाढतच राहतो. समजा, हेक्टरी 20 व्या वर्षी 60 टन कार्बन आहे आणि 40 व्या वर्षी 100. दर 20 वर्षांनी कापलं तर वर्षाला सरासरी 3 टन हाती येतात, 40 वर्षांनी कापलं तर अडीच. आता उभा साठा पाहा. प्रत्येक 20 वर्षांच्या टप्प्यात वाढ सरळ रेषेत धरली तर पहिल्या पद्धतीत तो सरासरी 30 टन, दुसऱ्या पद्धतीत 55. उत्पन्नात एक षष्ठांश घट, साठा मात्र जवळपास दुप्पट! माझा कौल थांबण्याकडे आहे.

एक अडचण उरते. बाजारात लाकूड कमी आलं की त्याची जागा लोखंड आणि सिमेंट घेतात, आणि ते बनवताना भरपूर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय कापलेल्या लाकडाचं पुढे काय होतं, हेही मोजावं लागतं. निलगिरीचा कागद थोड्या वर्षांत रद्दी होतो; सागाचा दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या कार्बन धरून ठेवतो. आरामशीनवरचा भुसा आणि तुकडे भट्टीत गेले, तर तेवढा कार्बन त्याच वर्षी हवेत परततो.